हबमधला नंबर : जुन्या ट्रकचे बेअरिंग शोधताना

मालवाहू ट्रकच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये साधारणपणे दोन टेपर रोलर बेअरिंग्ज असतात. आतल्या बाजूचे मोठे, बाहेरच्या बाजूचे लहान. गाडीचे आणि मालाचे सगळे वजन, वळणावरचा आडवा रेटा आणि खड्ड्यातला दणका या दोघांनाच झेलावा लागतो. नव्या गाडीचे बेअरिंग गेले, तर चॅसिस नंबर सांगून कंपनीच्या काउंटरवरून दुसरे आणता येते. वीस-तीस वर्षे चाललेल्या ट्रकचे तसे होत नाही. त्याचा पार्ट्स कॅटलॉग सहसा हाती लागत नाही. लागला, तर त्यातला पार्ट नंबर कधीच बंद झालेला असतो. आणि गाडीखाली मुळातला ॲक्सल अजून आहे की मधल्या काळात बदलला गेला, हे मालकालाही ठाऊक नसते.

अशा गाडीचे बेअरिंग तीन गोष्टींवरून ठरते : बेअरिंगवर कोरलेला नंबर, व्हर्नियरने घेतलेली मापे आणि ज्या स्पिंडलवर व हबमध्ये ते बसणार त्यांची अवस्था. गाडीचे नाव आणि मॉडेल यांचा उपयोग फक्त शोधाची दिशा ठरवण्यापुरता.

टेपर रोलरची रचना

टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट अमेरिकेत १८९८ साली हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांना मिळाले. टिमकेन सेंट लुइसमधले घोडागाड्यांचे कारखानदार होते. जड गाडी वळू लागली की आसावर उभ्या भाराबरोबर आडवा रेटाही येतो. सरळ रोलर उभा भार चांगला पेलतो, पण आडव्या रेट्याने त्याची टोके घासतात. रोलर निमुळते करून तिरपे बसवले, की दोन्ही भार एकाच बेअरिंगला पेलता येतात. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती पुढे मोटारीच्या आणि ट्रकच्या चाकात कायमची स्थिरावली.

या बेअरिंगचे दोन सुटे भाग असतात. आतली रिंग, तिच्यावरचे रोलर आणि रोलरांना अंतरावर धरणारा पिंजरा मिळून एक भाग होतो. बाजारात त्याला कोन म्हणतात. बाहेरची रिंग म्हणजे कप, आणि तो वेगळा निघतो. सगळ्या रोलरांच्या आणि दोन्ही रिंगांच्या तिरप्या रेषा पुढे वाढवल्या, तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळाव्यात अशी आखणी असते. म्हणूनच रोलर घसरत नाही, निखळ गडगडतो. एका तिरपेपणाची आतली रिंग आणि दुसऱ्या तिरपेपणाचा कप असे जोडले, तर बेअरिंग हाताने फिरते खरे. पण भार रोलरच्या एकाच टोकावर येतो आणि थोड्याच दिवसांत ते टोक झडू लागते.

एका हबमध्ये अशी दोन बेअरिंग्ज एकमेकांविरुद्ध तोंड करून बसतात. त्यांच्यातला ढिलेपणा कारखान्यात ठरलेला नसतो. स्पिंडलच्या टोकाचा नट किती आवळला, त्यावर तो अवलंबून असतो. बॉल बेअरिंग घेताना ‘सी-३’ सारखी ढिलेपणाची खूण बघावी लागते. हबच्या टेपर बेअरिंगला ती बघण्याचे कारण नाही, कारण तिथले काम नटाचे.

ॲक्सलचा प्रकार

पुढच्या ॲक्सलवर चाक स्टब ॲक्सलवर फिरते. भार सगळ्यात जास्त जिथे येतो तिथे, म्हणजे आत, मोठे बेअरिंग असते आणि टोकाकडे लहान. मागच्या ॲक्सलचे मात्र दोन प्रकार पडतात.

जड ट्रकचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग असतो. हब ॲक्सलच्या नळीवर, दोन टेपर बेअरिंग्जवर फिरतो. ॲक्सल शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन उचलत नाही. हबच्या तोंडावरचे बोल्ट काढून शाफ्ट ओढून घेतला, तरी गाडी चाकांवर उभी राहते. सेमी-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्टच वजनही पेलतो, आणि बेअरिंग शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेले असते. जीपच्या घराण्यातल्या जुन्या हलक्या गाड्यांत हा प्रकार भेटतो.

बेअरिंगची कोणती रिंग घट्ट आणि कोणती सैल, हेही प्रकारावर ठरते. फुल-फ्लोटिंगमध्ये आणि पुढच्या चाकात हब फिरतो, म्हणून हबमधला कप ठोकून घट्ट बसवायचा. आतली रिंग स्पिंडलवर हाताने सरकेल इतपत सैल असते. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट फिरतो, म्हणून तिथे आतली रिंग घट्ट. गॅरेजमध्ये ‘कोन सैल आहे, स्पिंडल गेला’ असा निकाल देण्याआधी ॲक्सल कोणत्या प्रकारचा आहे हे पाहिले पाहिजे.

गाडीचे कूळ

भारतीय रस्त्यांवरच्या जुन्या ट्रकांची घराणी वेगवेगळ्या देशांतली आहेत, आणि बेअरिंगची मापे त्यांच्याबरोबर आली. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. करार १५ वर्षांचा होता. १९६९ नंतर ग्रिलवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचे ‘टी’ आले. गाडीचा सांगाडा मात्र तोच राहिला. या घराण्यात बहुतांश मापे मिलिमीटरची. अशोक लेलँडने १९५५ पासून ब्रिटनच्या लेलँडच्या धर्तीवर कॉमेटसारखे ट्रक बनवले. त्यामुळे त्यांच्या जुन्या गाड्यांत इंची मापे भेटतात, तर पुढे इव्हेकोकडून आलेल्या कार्गोचे कूळ वेगळे. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक तयार होत. ते अमेरिकन कुळातले, म्हणजे पुन्हा इंची. जबलपूरच्या वाहन कारखान्यात एमएएनच्या परवान्यावर बनलेला लष्कराचा शक्तिमान लिलावातून खासगी मालकांकडे आला, तो जर्मन.

कुळावरून इंची की मिलिमीटर याचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. टिमकेनची इंची बेअरिंग्ज जगभरच्या ॲक्सल कारखान्यांनी वापरली, त्यामुळे मिलिमीटरच्या गाडीतही इंची बेअरिंग निघू शकते.

मॉडेलच्या नावाचा तर याबाबत फारच थोडा उपयोग. ‘१६१३’ मधले १६ म्हणजे एकूण वजन १६ टन आणि १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. नाव वजन सांगते आणि इंजिन सांगते. ॲक्सल कोणता, ते सांगत नाही. एकाच मॉडेलला वर्षानुसार वेगवेगळे ॲक्सल लागतात. ट्रक कंपनी ॲक्सल बाहेरूनही घेते. म्हैसूरची ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही कल्याणी समूह आणि मेरिटर यांची भागीदारीतली कंपनी अनेक ट्रक उत्पादकांना ॲक्सल पुरवते. शिवाय जुन्या ट्रकची हौसिंग तुटली की मालक भंगारातून दुसऱ्या गाडीचा अख्खा ॲक्सल उचलून बसवतो. आरसी बुकात त्याची नोंद होत नाही. म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगण्याआधी ॲक्सलच्या हौसिंगवरची पाटी किंवा ओतीव अक्षरे तारेच्या ब्रशने घासून वाचावीत. तिथे ॲक्सल बनवणाऱ्याचे नाव आणि मॉडेल मिळाले, तर अर्धा शोध तिथेच संपतो.

नंबर कसा वाचावा

बेअरिंग हबमधून काढले, की आधी रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचे. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवायचे नाही. रोलर कोरडे फिरले तर ओरखडे पडतात, आणि पिंजरा फुटला तर माणसाला इजा होते. आतल्या रिंगच्या रुंद तोंडावर आणि कपच्या जाड कडेवर नंबर कोरलेला असतो. ग्रीस जळून काळी पडली असेल, तर तिथे बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून उजेड तिरपा पाडावा. अक्षरे उठून दिसतात. चारही ठिकाणचे नंबर वेगवेगळे टिपायचे : आतल्या बेअरिंगची रिंग आणि कप, बाहेरच्या बेअरिंगची रिंग आणि कप. आधीच्या दुरुस्तीत एका कंपनीची रिंग आणि दुसऱ्या नंबरचा कप जोडलेला सापडण्याची शक्यता जुन्या गाडीत नेहमीच असते.

मिलिमीटरच्या नंबरांची पद्धत सरळ आहे. ‘३२३१०’ घेतले, तर पहिला ३ टेपर रोलरचा, पुढचे ‘२३’ रुंदी आणि बाहेरच्या व्यासाची मालिका सांगतात आणि शेवटचे दोन अंक आतल्या व्यासाचे. त्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतला व्यास मिळतो : १० × ५ = ५० मिमी. ही रीत ०४ पासून पुढे लागू होते. ३२३१० चा बाहेरचा व्यास ११० मिमी आणि एकूण रुंदी ४२.२५ मिमी. याच ५० मिमीच्या स्पिंडलवर बसणारे ३०२१० हे ९० मिमी व्यासाचे आणि २१.७५ मिमी रुंदीचे असते, तर ३२२१० तेवढ्याच व्यासाचे, पण २४.७५ मिमी रुंद. तीन मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना सहज दिसत नाही; नट आवळताना मात्र आटे कमी पडतात किंवा लॉक पत्ती जागेवर येत नाही.

इंची नंबरांत रिंग आणि कप यांना वेगवेगळे नंबर असतात, आणि जोडी दोघांची मिळून होते. सुरुवातीची अक्षरे भाराचा वर्ग सांगतात : ‘एल’ हलका, ‘एलएम’ हलका-मध्यम, ‘एम’ मध्यम, ‘एचएम’ जड-मध्यम, ‘एच’ जड. अमेरिकन ट्रकच्या पुढच्या चाकात आतल्या बाजूला सर्रास येणारी जोडी एचएम २१२०४९ आणि एचएम २१२०११ ही आहे. तिचा आतला व्यास ६६.६७५ मिमी, म्हणजे २ पूर्णांक ५/८ इंच, बाहेरचा १२२.२३८ मिमी आणि रुंदी ३८.१ मिमी, म्हणजे दीड इंच. बाजारात ती ‘सेट ४१३’ या सुटसुटीत नावानेही मिळते. आणखी जुने इंची नंबर अक्षरांविना येतात, जसे ३७८२ आणि ३७२०. सुरुवातीला ‘जे’ अक्षर असलेले नंबर, उदाहरणार्थ जेएलएम ५०६८४९, इंची पद्धतीत लिहिलेले असूनही त्यांची मापे मिलिमीटरची असतात. याचा आतला व्यास ५५ मिमी आहे.

शेवटचे अक्षर सोडून नंबर सांगणे ही काउंटरवरची नेहमीची चूक. नंबराच्या शेपटीला लागलेले ‘ए’ किंवा ‘बी’ कोपऱ्याची गोलाई, तिरपेपणा किंवा आतली बांधणी बदलल्याचे सांगते.

नंबर पुसला असेल तर

रिंग स्पिंडलवर फिरून नंबर झिजला, किंवा गॅस कटरने कापून काढताना जळला, तर मापे घ्यावी लागतात. पाच मापे लागतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, कप बसवून एकूण रुंदी, आतल्या रिंगची रुंदी आणि कपची रुंदी. व्हर्नियर ०.०२ मिमी वाचणारा हवा, आणि प्रत्येक व्यास दोन-तीन दिशांनी मोजायला हवा, कारण झिजलेली रिंग पूर्ण गोल राहत नाही. बेअरिंगच्या झिजलेल्या मापापेक्षा स्पिंडलचे आणि हबच्या भोकाचे न झिजलेल्या जागचे माप अधिक भरवशाचे.

आतला व्यास ५०, ६५, ८५ असा पूर्ण मिलिमीटरमध्ये आला, तर बेअरिंग बहुधा मिलिमीटरचे. ४४.४५, ६६.६७, ८८.९ असा आला, तर त्याला २५.४ ने भागून पाहायचे, १.७५, २.६२५, ३.५ असे नीटस इंच निघाले की इंची ठरले. काही इंची बेअरिंग्ज एकमेकांच्या फार जवळ आहेत. हलक्या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एल ६८१४९ या रिंगला दोन कप चालतात : एल ६८११० चा व्यास ५९.१३१ मिमी, एल ६८१११ चा ५९.९७४ मिमी. रिंग एकच, रोलर एकच. पण कपांत मिलिमीटरहून कमी फरक. लहान कप मोठ्या हबमध्ये सैल राहून फिरतो आणि हब खातो.

सगळ्यात फसवी गोष्ट मापांत दिसतच नाही. ३०३१० आणि ३१३१० या दोघांचा आतला व्यास ५० मिमी, बाहेरचा ११० मिमी आणि एकूण रुंदी २९.२५ मिमी. फरक तिरपेपणाचा आहे : पहिल्यात सुमारे १३ अंश, दुसऱ्यात जवळजवळ २९ अंश. ३१३१० आडवा रेटा अधिक पेलण्यासाठी बनवलेले आहे, आणि असे तीव्र उताराचे बेअरिंग डिफरन्शियलच्या पिनियनवर शोभते. हबमध्ये ते बसते, नट आवळला जातो, गाडीही निघते. पण चाकाचा भार पेलण्याचे सगळे गणित चुकलेले असते. म्हणून मापांवरून नंबर काढला, तरी जुन्या कपचा आतला उतार नव्या कपशेजारी धरून पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

कोपऱ्याची गोलाईही तपासावी लागते. स्पिंडलच्या खांद्याशी, जिथे रिंग टेकते, तिथे मजबुतीसाठी गोलाई ठेवलेली असते. बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई त्याहून मोठी नसेल, तर रिंग खांद्यावर न टेकता गोलाईवर चढून बसते. सुरुवातीला घट्ट वाटते. शे-दोनशे किलोमीटरनंतर ती खाली बसते आणि चाकात प्ले येतो.

जुने बेअरिंग काय सांगते

उतरवलेले बेअरिंग फेकण्याआधी वाचले पाहिजे. ते का गेले, हे कळल्याशिवाय नवे टिकत नाही.

कपच्या वाटेवर खवले सुटल्यासारखे खड्डे पडले असतील, तर पोलाद थकले आहे. हे सगळीकडे सारखे असेल तर आयुष्य संपले. एकाच बाजूला असेल तर कप तिरका बसला होता किंवा स्पिंडल वाकला आहे. रोलरांच्या अंतराने ओळीत खळगे दिसले, तर बेअरिंगने मोठा दणका खाल्ला आहे किंवा बसवताना त्यावर घण पडला आहे. रोलरची रुंद टोके घासून निळी-तपकिरी झाली असतील, तर नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस कमी पडली. तांबूस डाग आणि खाचा म्हणजे सीलमधून पाणी शिरले. ओढ्यातून, चिखलातून जाणाऱ्या वाळूच्या आणि उसाच्या गाड्यांत हे फार. बारीक, करड्या आडव्या रेषा शिडीसारख्या उमटल्या असतील, तर चॅसिसवर वेल्डिंग करताना अर्थिंग भलत्या जागी लावून वीज बेअरिंगमधून गेली आहे.

भाराचा हिशेब तर आकड्यांतच मांडता येतो. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या १०/३ घाताने घटते. भार दुप्पट झाला, की आयुष्य दहाव्या हिश्श्यावर येते. नुसता सव्वापट झाला, तरी निम्म्याखाली जाते. ९.००-२० च्या टायरचा परीघ सुमारे ३.२ मीटर धरला, तर एक लाख किलोमीटरमध्ये चाक ३ कोटींहून अधिक फेरे घेते. त्या फेऱ्यांचे काय होणार, हे कंपनीच्या नावापेक्षा हौद्यातला माल जास्त ठरवतो.

चाक उतरवण्याआधीची एक परीक्षा शोधाची दिशा ठरवते. पुढचे चाक जॅकवर उचलून, खाली ठोकळे देऊन, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून हलवायचे. प्ले जाणवला, की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिनचा. किंगपिन झिजलेली असताना नवी बेअरिंग्ज घालून पैसे गेल्याची उदाहरणे गॅरेजांत थोडी नाहीत.

बाजारात

नंबर हाती आला, की शोध सोपा होतो, कारण बेअरिंग हा ट्रकचा सुटा भाग नसून जागतिक मापांचा माल आहे. टेपर बेअरिंगची मिलिमीटरची मापे आयएसओ ३५५ या मानकाने बांधलेली आहेत. ३२३१० हे जयपूरच्या एनबीसीचे घेतले काय, पुण्याच्या चिंचवडला कारखाना असलेल्या एसकेएफचे घेतले काय किंवा जमशेदपूरच्या टिमकेनचे घेतले काय, स्पिंडलवर सारखेच बसते. ट्रक कंपनीचा पार्ट नंबर बंद पडला म्हणून बेअरिंग बंद पडत नाही. ‘अमुक ट्रकचे बेअरिंग’ मागितले तर दुकानदार ‘येत नाही’ म्हणतो. ‘३२३१०’ म्हटले की कपाटातून डबा निघतो.

मुंबईत मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट हा बेअरिंग, हत्यारे आणि यंत्रभागांचा जुना बाजार आहे. तिथे नंबर बोलला जातो. ऑपेरा हाऊस परिसरातल्या मोटारभागांच्या दुकानांत आणि पुण्याच्या नाना पेठेत गाडीवरून भाग ओळखणारे जाणकार विक्रेते असतात. कुर्ल्याच्या भंगार बाजारात अख्खे ॲक्सल मिळतात. दिल्लीचा काश्मिरी गेट आणि चेन्नईचे पुदुपेट्टाई हे त्याच प्रकारचे मोठे बाजार. मुंबईत न मिळालेला इंची नंबर यांतल्या एखाद्या ठिकाणी मिळून जातो. कारखान्यांना यंत्रभाग पुरवणाऱ्या विक्रेत्याकडेही विचारावे. ट्रकमधून गेलेले माप दुसऱ्या एखाद्या यंत्रात चालूच असते.

बनावट माल हा या व्यापारातला मोठा धोका. नकली डबा हुबेहूब असतो. घासून चमकवलेले जुने बेअरिंग नव्या कागदात गुंडाळूनही विकले जाते. रोलरच्या टोकांवर गोल ओरखडे, नंबराभोवती घासल्याच्या खुणा, रिंग आणि कप यांच्या कोरीव अक्षरांत फरक, डब्यावर एक देश आणि बेअरिंगवर दुसरा, या संशयाच्या जागा. मोठ्या कंपन्यांनी पडताळणीसाठी मोबाइल ॲप दिली आहेत : एसकेएफचे ऑथेंटिकेट, शेफ्लरचे ओरिजिनचेक. अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेतले, तर तक्रारीला आधार राहतो. भंगारातले वापरलेले बेअरिंग हबमध्ये कधीच घालू नये. भंगारातून घ्यावा तो हब, स्पिंडल किंवा हौसिंग.

बेअरिंग सेटनेच घ्यावे, म्हणजे रिंग आणि कप दोन्ही नवे. ‘कप चांगला आहे, नुसता कोन बदलू’ ही काटकसर अंगाशी येते, कारण जुन्या कपवरचे डोळ्यांना न दिसणारे खड्डे नव्या रोलरवर उमटतात.

स्पिंडल, हब आणि सील

नवे बेअरिंग आणल्यावर जागा तपासायची. आतली रिंग फिरून स्पिंडलवर खाच पडली असेल, तर सेंटर पंचाचे ठोके मारून पृष्ठभाग उठवणे किंवा पत्र्याची पट्टी घालणे हे उपाय गॅरेजमध्ये चालतात. पण ते टिकत नाहीत आणि रिंग तिरकी बसते. स्पिंडल लेथवर उतरवून त्यावर स्लीव्ह बसवणे किंवा तो बदलणे हाच इलाज. हबमध्ये कप हाताने आत जात असेल, तर हब गेला. कप बसवताना पितळी दांडा किंवा प्रेस वापरावी. कप तळाशी टेकला की ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. कप आणि खांदा यांच्यात बारीक फिलर गेज कुठेही शिरू नये.

सेमी-फ्लोटिंगची घट्ट रिंग ठोकून बसवण्यापेक्षा तेलात तापवून बसवावी. १२० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, नाहीतर पोलादाचा कडकपणा उतरतो.

सील दर वेळी नवे. त्याचाही नंबर नसेल, तर शाफ्टचा व्यास, हबचा व्यास आणि जाडी ही तीन मापे पुरतात. सीलचा ओठ ज्या कड्यावर घासतो त्या कड्याला खोबण पडली असेल, तर नवे सीलही गळते.

ग्रीस आणि नट

ग्रीस लिथियमची, घट्टपणा एनएलजीआय २ किंवा ३, आणि जुनी पूर्ण धुऊन काढलेली. दोन वेगळ्या जातींच्या ग्रीस मिसळल्या, तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते. तळहातावर ग्रीस घेऊन रिंगची रुंद बाजू तिच्यावर दाबत राहायची, रोलरांमधून दुसऱ्या बाजूला ग्रीस बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी पूर्ण भरायची नाही; भरली तर ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून बाहेर पडते.

नटाचे आवळणे हे शेवटचे आणि निर्णायक काम. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा मिळाला, तर तोच पाळावा. अमेरिकन ट्रकिंग संघटनेच्या तांत्रिक परिषदेने आरपी ६१८ या नावाने दिलेली पद्धत तत्त्व समजायला उपयोगी आहे : चाक फिरवत नट २०० फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २७१ न्यूटन-मीटर आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण फेरा सोडायचा, पुन्हा चाक फिरवत ५० फूट-पाउंडांवर आणायचा, नंतर आट्यांच्या बारकाईनुसार थोडा मागे घेऊन लॉक करायचा. शेवटी डायल गेजवर चाकाचा आत-बाहेर प्ले ०.०२५ ते ०.१२७ मिमीच्या दरम्यान यायला हवा. ‘दाबून आवळला की टिकतो’ ही समजूत सर्वात जास्त बेअरिंग्ज जाळते. टेपर बेअरिंगला हबमध्ये किंचित श्वास घ्यायला जागा लागते.

लॉक वॉशर आणि स्प्लिट पिन पुन्हा वापरू नयेत. पन्नासएक किलोमीटर चालवून हब हाताने पाहावा : कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट किंवा ग्रीस चुकली आहे. डाव्या-उजव्या चाकांची तुलना केली की फरक लगेच कळतो.

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीच्या आधी हब उघडून बेअरिंग, सील आणि ग्रीस पाहण्याची सवय ठेवली, तर घाटात चाक जाम होण्याची वेळ सहसा येत नाही. हब उघडला असेल तेव्हाच चारही नंबर, सीलची मापे आणि ॲक्सलच्या पाटीवरची अक्षरे गाडीच्या वहीत लिहून ठेवावीत, आणि जुनी बेअरिंग्ज नवी बसून गाडी रस्त्यावर चालेपर्यंत भंगारात घालू नयेत. पुढच्या वेळी दुकानात गाडीचे नाव सांगायची गरज उरणार नाही. नंबर सांगितला की पुरे.